नव्या प्रेमकहाण्यांची नोंदणी करण्याआधी : तीन संसारांची तीन जुनी पुस्तके

थोर व्यक्तींच्या खासगी आयुष्यावर, म्हणजे त्यांच्या विवाहावर, प्रेमावर आणि विरहावर लिहिलेल्या पुस्तकांना मराठीत कायम वाचक आहे, आणि प्रकाशकांच्या आगामी याद्यांमध्ये अशा पुस्तकांची जाहिरात इतरांपेक्षा ठळक छापलेली असते. प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी करायची तर वाचकाच्या हाती मुखपृष्ठाचे चित्र, मलपृष्ठावरचा मजकूर आणि फार तर एखादे प्रकरण एवढेच असते. पुस्तक चांगले निघेल की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही. ते ठरवण्यासाठी मोजमाप हवे, आणि ते मोजमाप आपल्याकडे आधीपासून आहे असे माझे ठाम मत आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रापुरते बोलायचे झाले, तर ज्या पुरुषांच्या सहजीवनावर कादंबऱ्या लिहिल्या जातात त्यांपैकी काहींच्या पत्नींनी स्वतःच आपल्या संसाराची हकिकत लिहून ठेवली आहे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' ही ती तीन पुस्तके. नव्या पुस्तकाने या तिघींनी सांगितले त्यापलीकडचे काही दिले तरच त्याला पैसे मोजावेत. या कसोटीसाठी तिन्ही पुस्तके पुन्हा वाचली, आणि त्यांचे परीक्षण येथे करीत आहे.

प्रकाशनाच्या क्रमाने पहिले पुस्तक रमाबाईंचे. ते 1910 साली आले, म्हणजे त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद ऊर्फ माधवराव रानडे यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की कोणत्याही कादंबरीकाराला तिचा मोह पडावा. डिसेंबर 1873 मध्ये विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि माधवराव एकतिशीचे. पहिल्या पत्नीचे निधन नुकतेच झालेले. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारा हा मुलगा आता स्वतः विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी पाहिली. माधवरावांनी विरोध केला, विनवण्या केल्या आणि शेवटी वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवली. त्यांच्या या माघारीबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावला आणि सनातन्यांना हसायला निमित्त मिळाले. ज्या मुलीमुळे पतीची ही नामुष्की झाली तीच मुलगी पुढे त्या पतीचे चरित्र लिहिते, आणि बाप-लेकांमधला तो वाद नंतर कळलेल्या तपशिलांसह पुस्तकाच्या आरंभीच मांडते. आपला विवाह पतीच्या इच्छेविरुद्ध झाला हे सांगताना लेखणी कुठेही अडखळत नाही, आणि रडवेलीही होत नाही.

लग्नाच्या दिवसापासूनच माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतले. हा भाग सर्वांना ठाऊक असतो, आणि कादंबऱ्यांत व मालिकांत तो हमखास गोड होऊन येतो. मूळ पुस्तकात मात्र त्या शिक्षणाची किंमत मोजलेली दिसते. दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे ऐकायचे आणि रात्री धडा द्यायचा, असे ते दिवस होते. इंग्रजी वाचणाऱ्या सुनेला स्वयंपाकघरात आणि देवघरात कसे वागवले जात होते, हे रमाबाई कोणावर राग न धरता पण तपशील न गाळता सांगतात. या सगळ्यात माधवराव मधे पडत नसत. पत्नीने बायकांना उलट उत्तर देऊ नये आणि शिकणेही सोडू नये, अशी त्यांची दुहेरी अपेक्षा होती. आजच्या वाचकाला ती अन्यायाची वाटेल, आणि ती होतीच. पण नव्या पुस्तकांत ही अपेक्षा बहुधा गाळली जाते आणि केवळ दिव्याच्या उजेडातली पाटी-पेन्सिल उरते, ही माझी तक्रार आहे.

या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग अबोल्याचा आहे. रात्री माधवरावांच्या तळपायांना तूप चोळण्याचा परिपाठ होता. एकदा रमाबाईंचे बाहेरचे वागणे त्यांना पटले नाही, तेव्हा ते रागावले नाहीत, काही विचारलेही नाही. पाय चोळून घेतले आणि एक शब्दही न बोलता पडून राहिले. त्या शांततेने रमाबाईंची जी अवस्था झाली ती त्यांनी लिहिली आहे, आणि तिच्यात प्रेम, भीती आणि परावलंबन या तिन्ही गोष्टी इतक्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत की त्या वेगळ्या करता येत नाहीत. लेखिकेला आपण पतीवर टीका करीत आहोत असे बिलकुल वाटत नाही. त्या भक्तीनेच लिहीत आहेत. वाचकाला मात्र एका सौम्य, समंजस, विद्वान पुरुषाच्या हातातली सत्ता प्रत्यक्ष दिसते. ही गोष्ट कल्पनेने रचणे फार अवघड आहे.

पुस्तकाची मर्यादाही याच भक्तीत आहे. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या 1890 सालच्या चहापानावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झाले आणि अखेर माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले, त्या प्रकरणात पत्नी म्हणून रमाबाईंना काय वाटले याची पुसटशी कल्पना मिळते, पण युक्तिवाद सगळा पतीच्या बाजूने मांडला जातो. शिवाय हे पुस्तक 1901 च्या जानेवारीत, माधवरावांच्या मृत्यूपाशी संपते. शेवटच्या आजाराची प्रकरणे अतिशय बारकाईने लिहिलेली आहेत आणि ती वाचताना मला अनेकदा थांबावे लागले. त्यानंतर पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेची उभारणी करणाऱ्या, स्वतःच्या कर्तृत्वाने ओळखल्या जाणाऱ्या रमाबाई या पुस्तकात नाहीत. 1901 ते 1924 हा काळ त्यांनी स्वतःबद्दल लिहिण्याजोगा मानला नाही. रानडे दांपत्यावर कोणी नवे पुस्तक लिहिणार असेल तर त्याने खरे तर येथून सुरुवात करावी. पतीच्या मागे तेवीस वर्षे जगलेल्या, त्याचे नाव आणि काम दोन्ही वागवणाऱ्या स्त्रीच्या मनात त्या सहजीवनाचे काय झाले, हा प्रश्न अजून कादंबरीकारासाठी मोकळा आहे.

आता 'स्मृतिचित्रे'. या पुस्तकाबद्दल मी आवरून लिहिणार नाही, कारण मराठीत एका विवाहाचे इतके संपूर्ण, इतके जिवंत चित्रण दुसरे नाही असे मी मानतो. ते 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले, आणि चौथ्या भागाच्या वर्षीच लक्ष्मीबाईंचे निधन झाले. शाळेची पायरी न चढलेल्या, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे शिकलेल्या आणि उतारवयात लिहायला बसलेल्या बाईचे हे पुस्तक आहे. वाक्ये छोटी आहेत, बोलल्यासारखी आहेत, आणि एका ओळीत हसू व दुसऱ्या ओळीत आवंढा अशी त्यांची चाल आहे.

पहिला भाग नाशिकजवळच्या जलालपूरचा. 1857 च्या उठावानंतरच्या धरपकडीची घरावर पडलेली सावली आणि तिच्यातून वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड येथे येते. धान्य तर धान्य, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे असा त्या घरातला कडकपणा होता. लेखिका त्याचे वर्णन करताना वाचकाला हसवते, पण त्या वेडापायी आईने काय सोसले हे एका वाक्यातही विसरू देत नाही. ही पार्श्वभूमी पुढच्या कथेसाठी फार आवश्यक आहे. जिच्या माहेरी मीठ धुतले जात होते तिचा नवरा पुढे ख्रिस्ती होणार आहे, हे ध्यानात ठेवून वाचले की या पहिल्या भागातला एकही तपशील केवळ गमतीसाठी आलेला नाही हे कळते.

1880 साली विवाह झाला तेव्हा नारायण वामन टिळक अठरा वर्षांचे होते आणि मनकर्णिका गोखले अकरा-बारा वर्षांची. सासरी ती लक्ष्मी झाली. टिळक कवी होते, व्युत्पन्न होते, दानशूर होते आणि संसारासाठी अत्यंत अवघड होते. नोकरी मिळवायची आणि सोडायची, घरातले धान्य किंवा पैसे मागणाऱ्याला देऊन टाकायचे, रागाच्या भरात घर सोडून निघून जायचे आणि काही दिवसांनी काहीच न झाल्यासारखे परतायचे, हा त्यांचा क्रम. लक्ष्मीबाई त्यांना पाठीशी घालत नाहीत आणि त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाहीत. भांडणाचा प्रसंग सांगताना त्या स्वतःचे बोलणेही तेवढ्याच प्रामाणिकपणे नोंदवतात, त्यामुळे दोघांपैकी कोणाचे चुकले हे ठरवण्याची घाई वाचकही करीत नाही. नवऱ्याच्या रागाला घाबरणारी, पण त्याची फजितीही डोळ्यांत साठवून ठेवणारी ही पत्नी आहे. प्रेम हा शब्द पुस्तकात फारसा येत नाही. पण टिळक घरी यायला उशीर झाला की त्या ज्या तऱ्हेने रस्त्याकडे पाहतात, आणि ते आले की ज्या तऱ्हेने चिडतात, त्यातून ते समजते.

पुस्तकाचा गाभा म्हणजे धर्मांतराची प्रकरणे. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' वाचायला दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला याची खबर लागली तेव्हा घरच्यांनी तिला जपले, आवरले, तिच्यावर पहारा ठेवला. पतीच्या हयातीत, पती जिवंत आणि प्रेमळ असताना, तिला पतिहीन स्त्रीचे जिणे वाट्याला आले. ती विधवा नव्हती, टाकलेलीही नव्हती. अशा स्त्रीसाठी समाजाकडे जागाच नव्हती. पुढची सुमारे पाच वर्षे ती माहेरच्या माणसांच्या आधाराने, नाशिक, जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी, लहान मुलाला सांभाळत राहिली. टिळक पत्रे लिहीत, भेटायला येत, विनवीत, रुसत. पती एका गावात, पत्नी दुसऱ्या गावात, मधे दोन धर्म आणि दोन्हीकडची माणसे, अशा स्थितीत एखादे नाते टिकते कसे, याचा इतका बारीक वृत्तांत मी दुसरीकडे वाचलेला नाही.

मग ती त्यांच्याकडे परत गेली, आणि या परतण्याचे वर्णन हा पुस्तकाचा सर्वांत धीराचा भाग आहे. ती श्रद्धा बदलून गेली नाही. नवरा हवा होता म्हणून गेली, आणि आपले सोवळे घेऊन गेली. अहमदनगरच्या ख्रिस्ती वस्तीत तिने आपली चूल वेगळी मांडली, आपले पाणी वेगळे ठेवले. जातीचा विचार तिच्या मनातून गेला तो कोणाच्या उपदेशाने नव्हे. आपल्या मनाशी वाद घालीत, माणूस माणसाच्या हातचे पाणी का पीत नाही या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधीत, ती तिथवर पोचली. आणि जात गेल्यावर मग धर्माचा प्रश्न आला. 1900 साली तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी या काळात तिच्यावर सक्ती केली नाही हे तिने आवर्जून नोंदवले आहे. ज्या गृहस्थाला तासभर राग आवरत नसे त्याने पत्नीच्या निर्णयासाठी इतकी वर्षे वाट पाहिली, ही गोष्ट मला या संपूर्ण कथेतली खरी प्रेमकहाणी वाटते, आणि एखाद्या आगामी पुस्तकाने ती निवडली तर मी ते अवश्य विकत घेईन.

त्यानंतरच्या भागांत घर माणसांनी भरते. अनाथ मुले येतात, विद्यार्थी येतात, आणि बालकवी ठोंबरे येतात. बालकवींची प्रकरणे वाङ्मयेतिहासासाठी मोलाची आहेतच, पण लक्ष्मीबाईंनी त्यांना कवी म्हणून पाहिलेले नाही. लहरी, भित्रा, गोड, खायला घालावे असा घरातला एक मुलगा म्हणून पाहिले आहे. हे चित्र समीक्षेच्या कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. टिळकांच्या शेवटच्या पर्वात त्यांनी मिशनचे काम सोडले, 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या देशी बंधुसंघाच्या कल्पनेने ते झपाटले गेले. त्या वेळी पत्नीची झालेली ओढाताण मात्र घाईने उरकल्यासारखी वाटते. 1919 मध्ये टिळक गेले, आणि त्यानंतरचे पुस्तक विखुरलेले आहे.

दोष सांगायचे तर आणखीही आहेत. सनावळी जवळजवळ नाही, त्यामुळे कोणता प्रसंग कोणत्या वर्षीचा हे बाहेरून ताडून पाहावे लागते. नातेवाइकांची नावे भराभर येतात आणि पहिल्या वाचनात गोंधळ उडतो. टिळकांच्या धर्मचिंतनाची वाट, म्हणजे ते त्या निर्णयापर्यंत कोणत्या वाचनातून आणि कोणत्या वादांतून पोचले, ही या पुस्तकावरून नीट कळत नाही. ती त्यांच्या बाजूची गोष्ट आहे आणि पत्नीने ती सांगण्याचा आव आणलेला नाही. माझ्या दृष्टीने हा दोष असूनही सचोटीचा आहे. आपण जे पाहिले नाही ते लिहायचे नाही हा नियम लक्ष्मीबाईंनी पाळला, आणि कल्पनेने रिकाम्या जागा भरणाऱ्या नव्या लेखकांनी निदान त्या जागा कोणत्या हे वाचकाला सांगावे, एवढी अपेक्षा त्यावरून करता येते.

तिसरे पुस्तक, 'माझे पुराण', 1944 साली आले. हे पुस्तक या तिघांत सर्वांत कमी वाचले जाते, आणि त्याचे मला वाईट वाटते. देवरुखच्या जोशांची गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, आठव्या वर्षी विधवा झाली, पुढे मुंबईत पंडिता रमाबाईंच्या शारदासदन या विधवांच्या शाळेत शिकायला आली, आणि 11 मार्च 1893 रोजी तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्वे तिच्या भावाचे मित्र. या विवाहात वधूवर दोघेही जाणते होते, दोघांनीही वैधव्य किंवा विधुरपण भोगलेले होते, आणि दोघांनाही परिणामांची कल्पना होती. कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला. आईला आणि भावंडांना भेटणेही कर्व्यांना कठीण झाले.

इथपर्यंतची हकिकत शाळेच्या पुस्तकातही असते. आनंदीबाईंचे पुस्तक त्यानंतर खरे सुरू होते. 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि त्याचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध ठेवायचा नाही असे धोरण ठरवले, कारण देणगीदारांच्या मनातली भीती दूर ठेवायची होती. या धोरणामुळे स्वतः पुनर्विवाहित असलेल्या त्यांच्या पत्नीचे त्या संस्थेत स्थान काय, हा प्रश्न तयार झाला, आणि तो बाईंना आयुष्यभर बोचत राहिला. नवरा थोर आहे, साधा आहे, निःस्वार्थी आहे आणि घरात पैसा राहू देत नाही. मुलांचे शिक्षण, आजारपण, किराणा यांची काळजी कोणी करायची, असा रोखठोक सवाल त्या करतात. महापुरुषाचा त्याग घरातल्या दुसऱ्या माणसाच्या परवानगीविना होत असतो, हे इतक्या स्पष्टपणे मराठीत दुसऱ्या कोणी लिहिलेले मला आठवत नाही. भाषा कोकणी वळणाची, फटकळ, कोठेही साहित्यिक नटवेपणा नसलेली. पुस्तक लहान आहे आणि एका बैठकीत संपते, पण कर्व्यांचे स्वतःचे 'आत्मवृत्त' शेजारी ठेवून वाचले तर त्याचा खरा लाभ होतो. एकाच घराचा हिशेब दोन वह्यांत लिहिलेला आहे आणि रकमा जुळत नाहीत, असे ते वाचन आहे.

दोन्ही बाजूंचे शब्द उपलब्ध असणे ही किती मोठी गोष्ट आहे हे जिथे तसे नाही तिथे कळते. मस्तानीच्या बाजूची नोंद जवळजवळ काहीच नाही. शमशेर बहादुराचा वंश, पाबळची कबर आणि पेशव्यांच्या घरातल्या कलहाची इतरांच्या कागदांतली त्रोटक माहिती, एवढ्यावर तिची सगळी कथा उभी आहे. अशा ठिकाणी कादंबरीकाराला मोकळीक आहे, आणि त्याने ती घ्यावी. पण जिथे पत्रे आहेत, आठवणी आहेत, तिथे तीच मोकळीक घेणे मला मान्य नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घ्या. कल्याणची यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी विवाहबद्ध झाली, चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. 1883 मध्ये ती एकटी अमेरिकेला निघाली, 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवीधर झाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, वारली. गोपाळराव एकतर पत्नीला घडवणारा विक्षिप्त द्रष्टा म्हणून रंगवले जातात, नाहीतर क्रूर म्हणून. अमेरिकेतून आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहानपणी खाल्लेल्या माराचा, अंगावर फेकलेल्या खुर्च्या-पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि त्याच पत्रव्यवहारात कृतज्ञताही आहे, ओढही आहे. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले ते याच पत्रांच्या आधारे, आणि तेही त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच. एवढे साहित्य हाताशी असताना जो लेखक यातली एकच बाजू उचलतो तो वाचकाची फसवणूक करतो.

वयाचा प्रश्नही येथेच सांगितला पाहिजे. रानडे, टिळक आणि जोशी या तिन्ही घरांत वधू नऊ ते बारा वर्षांची होती. संमतिवयाच्या 1891 च्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. या संसारांना प्रेमकहाणी म्हणायला माझी हरकत नाही, कारण पुढच्या काळात तिथे खरोखर प्रेम होते असे स्वतः त्या स्त्रियाच सांगतात. पण पहिल्या प्रकरणात अकरा वर्षांच्या मुलीला नायिकेच्या नजरेने पाहायला लावणारे पुस्तक कितीही सुंदर छापलेले असले तरी मी बाजूला ठेवीन. रमाबाई आणि लक्ष्मीबाई दोघींनीही आपल्या बालवधूपणाचे वर्णन लहान मुलीच्या नजरेने केले आहे. भूक, भीती, झोप, माहेरची आठवण, खेळ. नव्या लेखकांनी निदान एवढे त्यांच्याकडून शिकावे.

म्हणून आगामी पुस्तकाची नोंदणी करताना मी पुढील गोष्टी पाहतो. प्रकाशकाने पुस्तकाला चरित्र म्हटले आहे की कादंबरी, आणि कादंबरी असल्यास लेखकाने मनोगतात साधनांचा उल्लेख केला आहे का. नमुन्याच्या प्रकरणात पत्नी बोलते की केवळ ऐकते. आणि घरातली इतर माणसे, म्हणजे सासवा, विधवा नणंदा, आश्रित, स्वयंपाकी, गडी, ही पानांवर आहेत की नायक-नायिका एका रिकाम्या वाड्यात राहतात. यातली शेवटची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. रानड्यांच्या घरात, टिळकांच्या घरात, कर्व्यांच्या घरात नवरा-बायकोला एकांत मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. ज्या पुस्तकात तो सहज मिळतो ते पुस्तक त्या काळातले नाही.

नवे विषय संपले आहेत असेही नाही. सावित्रीबाई फुले यांनी ऑगस्ट 1868 मध्ये नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांची हकिकत आहे. मुलगी गरोदर होती, गावाने दोघांना मारायला काढले होते, आणि सावित्रीबाईंनी मधे पडून, इंग्रजी कायद्याची भीती घालून त्यांचे प्राण वाचवले व त्यांना जोतिरावांकडे पाठवून दिले. पतीला लिहिलेल्या पत्रात, पतीच्या विश्वासावर, दुसऱ्या कोणाचे प्रेम वाचवल्याची ही बातमी आहे. त्या दोघांचे पुढे काय झाले यावर आणि ते पत्र लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या दांपत्यावर एखाद्या अभ्यासू लेखकाने पुस्तक जाहीर केले, तर प्रकाशनपूर्व सवलतीची वाट न पाहता मी पूर्ण किमतीला नोंदणी करीन.

खरेदीविषयी थोडे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींच्याही पुस्तकांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले असल्यामुळे ती अनेक प्रकाशकांकडून निघतात आणि किमतीही निरनिराळ्या असतात. स्वस्त प्रत घ्यायला हरकत नाही, पण 'स्मृतिचित्रे'च्या बाबतीत संक्षिप्त आणि संपूर्ण अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात आहेत हे लक्षात ठेवून संपूर्ण आवृत्तीच मागावी, आणि शक्य तर टिपा व सनावळी दिलेली घ्यावी, कारण मी वर सांगितलेली अडचण त्याने बरीच दूर होते. संक्षिप्त आवृत्ती वाचायला सोपी असली तरी नात्यातली रोजची, किरकोळ भांडणे त्यात गाळली जातात, आणि या संसाराची गोडी नेमकी त्या किरकोळ भांडणांत आहे. परदेशात वाढलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या नातवंडांना द्यायचे असेल तर शांता गोखले यांनी केलेला संपूर्ण पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 2017 मध्ये आलेला आहे. 'माझे पुराण' दुकानात सहज मिळत नाही. ग्रंथालयात आधी चौकशी करावी, आणि तिथे असेल तर त्याच फेरीत कर्व्यांचे 'आत्मवृत्त'ही मागून घ्यावे. तिन्ही पुस्तके प्रथमच वाचणाऱ्याने सुरुवात लक्ष्मीबाईंपासून करावी, मग आनंदीबाई कर्वे घ्याव्यात आणि रमाबाई शेवटी. पहिल्या दोघींचा मोकळेपणा कानात असला की रमाबाईंनी जे लिहायचे टाळले तेही ऐकू येऊ लागते.